मोबाइलमधल्या कागदपत्रांच्या फायली: पाठवणं, शोधणं, सांभाळणं. वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहतात, म्हणून उत्तरं एका जागी ठेवली आहेत. फोटो-व्हिडिओंचा विषय वेगळा. इथे फक्त पीडीएफ, वर्ड, एक्सेल आणि स्कॅन केलेले कागद. ‘फाइल हरवली’ असं ज्यांचं म्हणणं असतं, त्यांची फाइल बहुतेक वेळा हरवलेली नसते, भलत्याच ॲपच्या पोटात असते. तेव्हा घाईत असाल तर आधी प्रश्न ५ वाचा. मेनूतली नावं फोनच्या कंपनीनुसार थोडी इकडेतिकडे होतील, तेवढं सांभाळून घ्या.

१. केबल लावली की मोबाइल चार्ज होतो, पण कॉम्प्युटरवर दिसतच नाही. दिसला तरी आत रिकामा. काय करू?

अँड्रॉइड फोन केबल लावल्यावर मुद्दामच फक्त चार्जिंग सुरू करतो, म्हणजे कोणीही केबल जोडून आतलं वाचू शकत नाही. फोनचं लॉक उघडा, वरून नोटिफिकेशन खाली ओढा, यूएसबीचा उल्लेख असलेल्या ओळीवर टॅप करा आणि ‘फाइल ट्रान्स्फर’ निवडा. ती ओळच येत नसेल तर संशय केबलवर घ्या. काही केबलींत फक्त विजेच्या तारा असतात, डेटाच्या नसतातच. चार्जिंगला ती केबल झकास चालते, म्हणून तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही आणि लोक तासभर ड्रायव्हर शोधत बसतात.

फोन दिसतोय, पण आत्ताच आलेली एखादी फाइल दिसत नाही, असंही होतं. कॉम्प्युटरला दिसते ती फोनने आधी बनवून ठेवलेली यादी असते आणि ती कधी कधी मागे पडते. केबल काढून पुन्हा लावा; नाहीच जमलं तर फोन रीस्टार्ट करा. आणि फाइल फोनमध्येच ठेवून कॉम्प्युटरवरून थेट त्यात बदल करायला जाऊ नका. आधी उतरवून घ्या, काम करा, मग परत टाका.

२. आयफोन विंडोजला जोडला तर फक्त फोटो दिसतात. पीडीएफ कुठे असतात?

विंडोज आयफोनला कॅमेरा समजतं, त्यामुळे फोटोंचा फोल्डर तेवढा उघडतो. कागदपत्रांसाठी विंडोजवर ‘ॲपल डिव्हाइसेस’ किंवा जुनं आयट्यून्स लागतं. त्यात फोन निवडून ‘फाइल शेअरिंग’मध्ये गेलात की ॲपनुसार फायली दिसतात, आणि तेही ज्या ॲपने मुभा दिली आहे त्याच्याच. मॅकवर हेच काम २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून फाइंडरमध्ये (मॅकच्या फाइल मॅनेजरमध्ये) होतं. एखाददुसऱ्या फाइलसाठी हा द्राविडी प्राणायाम करू नये असं माझं मत आहे. प्रश्न ४ मधला मार्ग धरा.

३. मॅकला अँड्रॉइड फोन जोडला तर काहीच होत नाही. फोन बिघडलाय का?

नाही. अँड्रॉइड ज्या एमटीपी पद्धतीने फायली दाखवतो ती मॅकला मुळातून येत नाही. ‘ओपनएमटीपी’सारखं फुकट ॲप टाकलं की फोन उघडतो. गुगलचं यासाठीचं जुनं ॲप आता मिळत नाही. त्याच्या नावाने भलत्याच साइटवर काही दिसलं तर उतरवू नका.

४. केबलशिवाय फाइल पाठवण्याची सगळ्यात चांगली पद्धत कोणती?

दोन्ही बाजूंना कोणती उपकरणं आहेत, त्यावर ठरतं.

ॲपलकडून ॲपलकडे असेल तर एअरड्रॉप. समोरचा दिसत नसेल आणि तो तुमच्या कॉन्टॅक्टमध्ये नसेल, तर त्याला ‘एव्हरीवन’ चालू करायला सांगा. ही सोय १० मिनिटांनी आपोआप बंद होते, त्यामुळे मघाशी जमलं आणि आता का नाही, याचं उत्तर तिथेच असतं.

अँड्रॉइडकडून अँड्रॉइडकडे असेल तर क्विक शेअर. २०२० साली आलेलं गुगलचं निअरबाय शेअर आणि सॅमसंगचं क्विक शेअर २०२४ मध्ये एक झालं. जुन्या फोनवर अजून निअरबाय नाव दिसलं तर गोंधळू नका. विंडोजसाठीही त्याचं ॲप आहे. एअरड्रॉप काय किंवा क्विक शेअर काय, फाइल वायफायवरून थेट जाते, इंटरनेटचा डेटा सहसा खर्च होत नाही.

एकीकडे आयफोन, दुसरीकडे अँड्रॉइड किंवा विंडोज अशी सरमिसळ असेल तर मी ‘लोकलसेंड’ सुचवते. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, सगळीकडे चालतं. दोन्ही उपकरणं एकाच वायफायवर हवीत, एवढीच अट. काही पाहुण्यांसाठीच्या वायफायवर एका उपकरणाला दुसरं दिसू देत नाहीत. तिथे एका फोनचा हॉटस्पॉट सुरू करून दुसरं उपकरण त्याला जोडा.

ब्लूटूथ? अँड्रॉइडमध्ये अजून आहे आणि दोन पानांच्या पीडीएफला पुरतं. ५० एमबीची फाइल पाठवायला घेतलीत तर वाट पाहत बसाल. आयफोन ब्लूटूथवरून अँड्रॉइडची फाइल घेतच नाही, तिथे प्रयत्न करू नका.

राहता राहिला स्वतःलाच व्हॉट्सॲप करण्याचा मार्ग. फाइल इकडून तिकडे न्यायला उत्तम, साठवायला वाईट. कारण प्रश्न ६ मध्ये.

५. फाइल डाउनलोड केली, ‘झाली’ असं दिसलं, आणि आता सापडत नाही. गेली कुठे?

आधी एक पाहा: फाइल खरंच डाउनलोड झाली होती की नुसती उघडून पाहिली होती? मेलमधल्या अटॅचमेंटवर टॅप केलं की ती पडद्यावर उघडते. ते फक्त दर्शन. फोनच्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये ती तेव्हाच येते, जेव्हा तुम्ही खाली बाण असलेलं चिन्ह दाबता. त्याच्याच शेजारी ड्राइव्हचं त्रिकोणी चिन्ह असतं. ते दाबलंत तर फाइल फोनमध्ये न येता गुगल ड्राइव्हवर जाते. ‘मी सेव्ह केली होती’ म्हणणाऱ्या कित्येकांची फाइल त्या त्रिकोणामागे सापडते.

अँड्रॉइडवर ब्राउझरमधून उतरवलेली फाइल बहुधा ‘डाउनलोड’ फोल्डरमध्ये असते. फाइल मॅनेजर उघडा (‘फाइल्स’, ‘माय फाइल्स’ किंवा ‘फाइल मॅनेजर’, नाव काहीही असेल), ‘रीसेंट’ पाहा. तिथे नसेल तर नावाने शोधू नका, कारण उतरवलेल्या फाइलचं नाव आकड्यांचं भेंडोळं असू शकतं. ‘डॉक्युमेंट्स’ हा प्रकार निवडा आणि तारखेनुसार लावा, नवीन वर.

आयफोनवर फाइल्स ॲप २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ पासून आहे. सफारीतून उतरवलेली फाइल सहसा आयक्लाउड ड्राइव्हच्या डाउनलोड्समध्ये जाते. ‘ऑन माय आयफोन’मध्येही याच नावाचा दुसरा फोल्डर असू शकतो. दोन्ही उघडून पाहा. मग सफारीच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्हींपैकी एक जागा कायमची ठरवून टाका.

६. व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ फोनमध्ये कुठे साठते? ॲप काढलं तर ती राहते का?

अँड्रॉइडच्या अलीकडच्या आवृत्त्यांत मुख्य साठ्यातल्या ‘अँड्रॉइड’ फोल्डरमध्ये ‘मीडिया’, त्यात व्हॉट्सॲपच्या नावाचा फोल्डर, आणि आणखी आत शिरल्यावर ‘व्हॉट्सॲप डॉक्युमेंट्स’. तुम्ही पाठवलेल्या फायली त्यातल्याच ‘सेंट’मध्ये असतात. आयफोनवर फाइल ॲपच्या आतच राहते. शेअरच्या चिन्हातून ‘सेव्ह टू फाइल्स’ केल्याशिवाय ती फाइल्स ॲपमध्ये दिसणार नाही.

ॲप काढलं की त्याच्या फोल्डरमधला मालही जातो असंच धरून चाला. आयफोनवर ‘डिलीट ॲप’ म्हणजे आतल्या कागदपत्रांसकट सगळं साफ. ‘ऑफलोड’ केलं तर कागदपत्रं राहतात.

चॅट म्हणजे कपाट नव्हे. महिन्यापूर्वी आलेली फाइल तुम्ही कधी उघडलीच नसेल, तर ती फोनमध्ये उतरलेलीच नसू शकते, आणि सर्व्हरवरही ती कायम ठेवलेली नसते. मग पाठवणाऱ्याला ‘पुन्हा पाठव’ म्हणण्यावाचून गत्यंतर नसतं. महत्त्वाचं काही आलं की त्याच दिवशी बाहेर काढून आपल्या फोल्डरमध्ये ठेवा.

७. फाइल मोठी आहे म्हणून जात नाही. कुठून किती जाते?

जीमेलमधून २५ एमबी. त्याहून मोठी असेल तर जीमेल आपणहून ड्राइव्हची लिंक करून पाठवतं. व्हॉट्सॲपवर २०२२ पासून २ जीबीपर्यंत. टेलिग्रामवरही २ जीबी, पैसे भरणाऱ्यांना ४ जीबी.

मेलच्या बाबतीत एक गोम आहे. प्रवासात अटॅचमेंट साधारण एक तृतीयांशाने फुगते. समोरच्याचा सर्व्हर २० एमबीपर्यंतच घेत असेल, तर तुमची १६ एमबीची फाइल तुमच्याकडून निघेल आणि तिथून परत येईल. अशा वेळी लिंक पाठवणं बरं. मात्र लिंक कोणाला उघडता येईल, ते आधी पाहा. ‘रिस्ट्रिक्टेड’ ठेवलीत तर समोरचा परवानगी मागत बसेल, ‘एनीवन विथ द लिंक’ ठेवलीत तर ती लिंक ज्याच्या हाती पडेल तो उघडेल. काम झालं की परवानगी काढून घ्या.

८. कागदाचा फोटो काढून पाठवला तर ‘नीट स्कॅन करून पाठवा’ म्हणतात. स्कॅनर कुठून आणू?

फोनमध्येच आहे. आयफोनवर नोट्स किंवा फाइल्स ॲपमध्ये ‘स्कॅन डॉक्युमेंट्स’, अँड्रॉइडवर गुगल ड्राइव्हमधलं कॅमेऱ्याचं चिन्ह. कडा सरळ होतात, सावली कमी होते आणि पाच पानांची एकच पीडीएफ बनते. पांढऱ्या टेबलावर पांढरा कागद ठेवू नका, कडा ओळखता येत नाहीत. गडद पृष्ठभाग घ्या. स्कॅन न करता फोटोच पाठवायचा असेल तर व्हॉट्सॲपवर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा, नाहीतर वाटेत तो दाबून लहान केला जातो आणि बारीक अक्षरं पुसट होतात.

९. फाइल आली, पण ‘उघडता येत नाही’ असं म्हणते. फाइल खराब आहे का?

आधी आकार पाहा. शून्य केबी असेल तर ती अर्धवट आलेली आहे, पुन्हा मागवा. आकार ठीक असेल तर नावाचं शेपूट, म्हणजे शेवटच्या टिंबानंतरची अक्षरं पाहा. वर्डची फाइल म्हणजे आतून झिपच असते, त्यामुळे काही ॲप वाटेत तिचं शेपूट बदलून .झिप करतात. नाव बदलून शेवटी पुन्हा .डॉक्स (docx) लावलं की ती सुरळीत उघडते; उगाच अनझिप करू नका, आत शंभर तुकडे निघतील. शेपूट अजिबातच नसेल तर पाठवणाऱ्याला विचारा आणि ते लावा. बाकी वेळा फोनमध्ये ते उघडणारं ॲप नसतं, इतकंच. अनोळखी माणसाकडून आलेली फाइल उघडत नसेल तर हे प्रयोग करण्याआधी प्रश्न २० वाचा.

१०. मराठीतली वर्ड फाइल मोबाइलवर उघडली की इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा दिसतो. कॉम्प्युटरवर तीच फाइल व्यवस्थित आहे!

ती फाइल जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. (युनिकोड म्हणजे प्रत्येक भाषेतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी, सगळीकडे चालणारी पद्धत.) श्रीलिपीचे जुने फॉन्ट, कृतिदेव, शिवाजी ही त्यातली परिचित नावं. या फॉन्टांत मराठी अक्षरांची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. फाइलमध्ये प्रत्यक्ष साठलेली असतात ती इंग्रजी अक्षरंच. फॉन्ट हजर असेल तोवर त्यांना मराठी रूप मिळतं. तुमच्या फोनमध्ये तो फॉन्ट नाही, म्हणून मुखवटा गळून पडतो.

फक्त वाचायचं असेल तर पाठवणाऱ्याला पीडीएफ मागा. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत बांधून देता येतो, त्यामुळे ती कुठेही तशीच दिसते. पण त्या पीडीएफमध्ये शब्द शोधलात तर सापडणार नाही, आणि मजकूर कॉपी केलात तर पुन्हा तोच कचरा हाती येईल. मजकुरावर काम करायचं असेल तर कॉम्प्युटरवर फॉन्ट कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि नंतर एकदा डोळ्यांखालून घाला. रफार, जोडाक्षरं आणि आकडे या जागी कन्व्हर्टर हमखास घसरतात.

फाइल युनिकोडमध्येच आहे, अक्षरं बरोबर आहेत, पण पानं सरकली आहेत, तक्ता मोडला आहे, असं असेल तर तो वेगळा मामला. मूळ फॉन्ट फोनमध्ये नसल्याने त्याने दुसरा वापरला आणि ओळींची रुंदी बदलली. घाबरू नका, मूळ फाइल शाबूत आहे. फक्त फोनवर बसून ती ‘दुरुस्त’ करू नका, नाहीतर कॉम्प्युटरवर खरोखरच बिघडलेली दिसेल.

११. फोनवर फाइलमध्ये बदल केले, सेव्ह केली, पाठवली. समोरच्याला जुनीच गेली. असं कसं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त मनस्ताप यानेच होतो. समजा, व्हॉट्सॲपवर ‘अर्ज’ नावाची वर्ड फाइल आली. तुम्ही टॅप केलं, ती वर्डमध्ये उघडली. वर बारीक अक्षरांत ‘रीड ओन्ली’ आलं. एडिट करायला गेलात तेव्हा ‘सेव्ह अ कॉपी’ विचारलं, तुम्ही हो म्हणालात. या क्षणी ‘अर्ज’ दोन झाले: एक चॅटमधला, जसाच्या तसा, दुसरा वनड्राइव्हवर किंवा डॉक्युमेंट्समध्ये, तुमच्या बदलांसह. मग तुम्ही चॅटमध्ये परत आलात आणि तिथलीच फाइल फॉरवर्ड केलीत. गेला तो जुना.

उपाय क्रमाचा आहे. आधी फाइल चॅटमधून किंवा मेलमधून बाहेर काढून आपल्या फोल्डरमध्ये ठेवा. तिचं नाव बदला. मग तिथून उघडा. पाठवताना चॅटमधून न जाता वर्डच्याच शेअर बटणावरून पाठवा. आणि पाठवल्यावर, समोरच्याने उघडण्याआधी, पाठवलेल्या फाइलवर स्वतः एकदा टॅप करून पाहा. यात अर्धं मिनिट जातं.

१२. क्लाउडवर फाइल आहे, तर फोनमधून डिलीट केली तर चालेल ना?

ती फोनमधली वेगळी प्रत आहे की क्लाउडचीच खिडकी आहे, त्यावर अवलंबून आहे. डाउनलोड्समधली फाइल तुम्ही ड्राइव्हवर अपलोड केली असेल तर त्या दोन स्वतंत्र प्रती झाल्या. एक खोडली तरी दुसरी राहते. पण फाइल्स ॲपमधला आयक्लाउड ड्राइव्ह, ड्राइव्ह ॲपमधली यादी, वनड्राइव्हचा फोल्डर इथे खोडलंत की सगळ्या उपकरणांवरून जाते. जागा हवी असेल तर खोडू नका. आयफोनवर फाइल दाबून धरून ‘रिमूव्ह डाउनलोड’ निवडा, क्लाउडवरची राहते.

उलटा घोटाळाही होतो. यादीत नाव दिसतंय म्हणजे फाइल फोनमध्ये आहे असं नाही. शेजारी ढग आणि बाण दिसला तर ती अजून वरच आहे आणि नेटवर्क नसेल तिथे उघडणार नाही. मुलाखतीला, प्रवासाला, सरकारी कामाला निघण्याआधी ‘अव्हेलेबल ऑफलाइन’ किंवा ‘कीप डाउनलोडेड’ करा आणि विमान मोड लावून एकदा उघडून खात्री करा.

जागेचं म्हणाल तर गुगल फुकट १५ जीबी देतं, पण त्यात जीमेल आणि फोटोही येतात. आयक्लाउडवर ५ जीबी.

१३. गुगल डॉक्समधली फाइल पेनड्राइव्हवर घेतली, तिथे उघडतच नाही.

डॉक्स आणि शीट्सचा मजकूर गुगलच्या सर्व्हरवर असतो. तुमच्या हाती जे आलं ते बहुधा त्याच्याकडे नेणारं छोटं टिपण, जेमतेम केबीभर. डॉक्स ॲपमध्ये फाइल उघडा, तीन टिंबांच्या मेनूतून ‘शेअर अँड एक्सपोर्ट’, मग ‘सेव्ह ॲज’ करून वर्ड किंवा पीडीएफ निवडा. ती खरी फाइल, ती न्या.

१४. फायलींना नावं कशी द्यावीत? फोल्डर किती करावेत?

फोल्डर कमी, नावं बोलकी. फोनवर चार पातळ्या खाली उतरायला कोणालाच आवडत नाही, शोधून काढणं सोपं पडतं. नावाच्या सुरुवातीला तारीख टाका, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने: २०२५-०३-१५ करारपत्र. असं केलं की नावानुसार लावलेल्या फायली आपोआप तारखेनुसारही लागतात. एका फोल्डरमध्ये मराठी आणि इंग्रजी आकडे मिसळू नका, क्रम बिघडतो. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘खरी फायनल’ या परंपरेबद्दल काय बोलावं.

मराठी नावं बिनधास्त द्या, पण आटोपशीर. अँड्रॉइडवर नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘प्रमाणपत्र’ या एका शब्दाला ३० बाइट लागतात. म्हणजे ८५ चिन्हांत खेळ संपतो. विंडोजवर इंग्रजी-मराठीत सारखीच २५५ चिन्हं चालतात, म्हणून तिथली लांबलचक मराठी नावाची फाइल फोनवर कॉपी होताना अडते आणि कारण कळत नाही. नाव छोटं करा, जाईल. प्रश्नचिन्ह, तिरपी रेघ, तारांकन आणि दोन टिंबं नावात नकोत; विंडोज ती घेत नाही.

१५. तीच फाइल फोनवर १०.४९ एमबी आणि कॉम्प्युटरवर १० एमबी दाखवते. काही गळालं का?

काही नाही. बरेच फोन १००० च्या हिशेबाने मोजतात, विंडोज १०२४ च्या. १,०४,८५,७६० बाइटची फाइल पहिल्या हिशेबाने १०.४९ एमबी, दुसऱ्याने बरोबर १० एमबी. शंका असेल तर दोन्हीकडे ‘प्रॉपर्टीज’ किंवा ‘डिटेल्स’मध्ये बाइटचा आकडा जुळतो का पाहा.

तारखेचंही तसंच. पाठवलेल्या फाइलवर बहुधा ती पोचल्याची तारीख लागते, मूळची नाही. कधीची फाइल आहे हे महत्त्वाचं असेल तर तारीख नावात हवी (प्रश्न १४).

१६. पेनड्राइव्ह थेट फोनला लावता येतो का?

येतो. अँड्रॉइडला टाइप-सी पेनड्राइव्ह किंवा ओटीजी जोडणी (साधा पेनड्राइव्ह फोनला जोडणारा छोटा तुकडा) लागते. आयफोन २०१९ च्या आयओएस १३ पासून फाइल्स ॲपमध्ये बाहेरचा ड्राइव्ह दाखवतो. २०२३ च्या आयफोन १५ पासून टाइप-सी आल्याने वेगळी जोडणीही नको. ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये (फायली मांडून ठेवण्याच्या एका पद्धतीत) फॉरमॅट केलेला असेल तर सगळीकडे चालण्याची शक्यता सर्वाधिक. अँड्रॉइडवर उपटण्याआधी ‘इजेक्ट’ करा. आयफोनवर तसं बटण नसतं, तिथे कॉपी पूर्ण झाली की थोडं थांबून काढा.

१७. एका फोनमधलं मेमरी कार्ड दुसऱ्यात टाकलं तर ‘फॉरमॅट करा’ म्हणतंय. आत सगळी कागदपत्रं आहेत!

फॉरमॅट दाबू नका. बहुधा पहिल्या फोनमध्ये ते कार्ड ‘इंटर्नल स्टोरेज’ म्हणून लावलेलं होतं. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून ही सोय आहे. तसं केलेलं कार्ड कूटबद्ध होतं आणि किल्ली त्या एकाच फोनकडे राहते. कार्ड पहिल्या फोनमध्ये परत घाला, फायली बाहेर काढा, मग काय ते करा. पहिला फोन आधीच फॅक्टरी रीसेट केला असेल तर किल्लीही गेली. दुकानात नेऊनही ते उघडणार नाही.

कार्ड वाचलं जातंय, पण एखादी अवजड झिप तेवढी जात नाही, असं असेल तर कार्ड बहुधा फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेलं आहे. त्यावर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल मावत नाही, कार्ड कितीही रिकामं असो.

१८. चुकून डिलीट झाली. परत मिळेल?

जिथून खोडली तिथलाच कचरापेटीचा फोल्डर पाहा. आयफोनच्या फाइल्स ॲपमध्ये ‘रीसेंटली डिलीटेड’, गुगलच्या फाइल्स ॲपमध्ये आणि ड्राइव्हवर ‘ट्रॅश’. तिन्हीकडे ३० दिवस. केबल लावून कॉम्प्युटरवरून फोनमधली फाइल खोडली असेल तर ती कोणत्याच पेटीत जात नाही, थेट नाहीशी होते.

पेटीतही नसेल तर आधी ती कुठून आली होती ते आठवा: मेल, चॅट, वेबसाइट. पाठवणाऱ्याकडे अजून असते. ‘सगळं परत मिळवा’ म्हणणारी ॲप फोनच्या आतल्या साठ्यापुढे हतबल असतात, कारण तो कूटबद्ध असतो. मेमरी कार्डावर मात्र आशा असते, फक्त त्या कार्डावर नवीन काही लिहू नका आणि ते काढून कॉम्प्युटरला लावा.

१९. पीडीएफला पासवर्ड आहे. दर वेळी टाकायचा कंटाळा येतो. काढता येतो का?

पासवर्ड तुम्हाला माहीत असेल तर बहुतेक वेळा येतो. फाइल उघडा, प्रिंट निवडा, प्रिंटरच्या जागी ‘सेव्ह ॲज पीडीएफ’. आयफोनवर प्रिंटच्या पडद्यावरचं पान दोन बोटांनी मोठं करा, मग शेअर करून साठवा. छपाईला बंदी घातलेली फाइल यातून सुटणार नाही. ऑनलाइन ‘अनलॉक’ साइटवर आर्थिक किंवा वैद्यकीय कागद चढवू नका. पासवर्ड ज्याच्यासाठी होता तेच तुम्ही परक्याच्या सर्व्हरवर ठेवून येता.

२०. अनोळखी नंबरवरून बिल, पत्रिका, नोटीस असं काहीतरी आलंय. उघडू का?

नाव पूर्ण वाचा, शेवटपर्यंत. लांब नाव फोनवर मध्येच कापलेलं दिसतं आणि ‘पीडीएफ’ हा शब्द नावात असूनही शेवट .एपीके असू शकतो. एपीके म्हणजे ॲप. एक खूण कायम लक्षात ठेवा: कोणतंही कागदपत्र उघडताना ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ची परवानगी मागत नाही. ती मागितली गेली की मागे फिरा आणि फाइल खोडा.

२१. नवीन फोन घेतलाय. सगळी कागदपत्रं आपोआप येतील का?

काही येतात, काही नाही. गृहीत धरू नका. बॅकअपच्या सेटिंगमध्ये काय काय घेतलं जातं त्याची यादी असते, ती वाचा. त्यानंतर डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर हाताने कॉपी करा, व्हॉट्सॲपमधलं हवं ते बाहेर काढा (प्रश्न ६), स्कॅनर ॲपमध्ये अडकलेले कागद निर्यात करा. शेवटचं सगळे विसरतात. ‘मूव्ह’ करू नका, ‘कॉपी’ करा. जुना फोन पुसण्याआधी नव्यावर दहा-बारा फायली उघडून बघा, नुसती नावं पाहून भागत नाही. मेमरी कार्ड काढून घ्या, फॅक्टरी रीसेटने ते सहसा पुसलं जात नाही.

२२. झिप उघडली तर मराठी नावांच्या जागी चौकोन आणि चित्रविचित्र अक्षरं. आतल्या फायली मात्र ठीक आहेत.

झिपचा मूळ ढाचा जुना, इंग्रजीपुरता. नावं युनिकोडमध्ये आहेत हे सांगणारी खूण त्यात २००६ साली आली आणि सगळी ॲप ती अजूनही लावत नाहीत किंवा वाचत नाहीत. दुसऱ्या ॲपने उघडून पाहा. अँड्रॉइडवर ‘झेडआर्काइव्हर’मध्ये नावांचं एन्कोडिंग निवडता येतं. पाठवणारे तुम्हीच असाल तर झिप करण्याआधी आतल्या फायलींची नावं तात्पुरती इंग्रजीत द्या. झिपचं एकटीचं नाव बदलून काही होत नाही, बिघाड आतल्या नावांत असतो.